घरात आधीच मांजरं, त्यात जिन्याखाली पिल्लं: पुढचे तीन महिने कसे काढायचे

नाशकात थंडी सरली की भाट्या, म्हणजे माद्या मांजरी, विण्यासाठी जागा हुडकू लागतात. जुन्या नाशकातल्या वाड्यांत माळा असतो, अडगळीची खोली असते. सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या भागात बंद पडलेल्या स्कूटरखालची जागा, मीटर बॉक्सखालचा कोपरा, नाहीतर जिन्याखाली टाकलेलं टोमॅटोचं कॅरेट. पावसाळ्यात दुसरी खेप येते. आणि पिल्लं दिसली की सोसायटीतलं पहिलं बोट तुमच्याकडेच वळतं: "तुमच्याकडे आहेतच की चार, त्यात अजून तीन."

हा लेख अशा घरांसाठी आहे. घरात एकही मांजर नसेल तर काम एकच, पिल्लं जगवायची. घरात मांजरं असतील तर त्यांना या पाहुण्यांपायी आजारी पडू द्यायचं नाही, हे दुसरं काम मागे लागतं. त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, कारण पिल्लं गोंडस असतात आणि घरातला आठ वर्षांचा बोका कपाटावर बसून नुसता बघत असतो. माझं मत सुरुवातीलाच सांगते: दोन्हींचं हित आड आलं तर कौल घरातल्यांच्या बाजूने द्यायचा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच हिशेबाने लिहिल्या आहेत.

आधी हात मागे घ्या

पिल्लं एकटी दिसली म्हणजे ती पोरकी झाली असं नाही. भाटी खाणं शोधायला तासन्‌तास बाहेर जाते, आणि तुम्ही तिथेच उभ्या राहिलात तर ती परतही येत नाही. लांबून, शक्यतो वरच्या मजल्यावरून किंवा खिडकीतून बघा. पोट भरलेली पिल्लं एकमेकांवर पडून गुपचूप झोपतात, हाताला उबदार लागतात, अंग स्वच्छ असतं. सतत ओरडणारी, गार पडलेली, अंगाला माती किंवा शी चिकटलेली, मुंग्या लागलेली पिल्लं मात्र आईविना आहेत असं धरून चालायचं.

खात्री नसेल तर त्या जागेभोवती तांदळाचं पीठ पातळ भुरभुरवा आणि चार-पाच तासांनी या. पंजांचे ठसे दिसले तर आई येऊन गेली. पिल्लांच्या अंगात ऊब असेल, ऊन-पाऊस लागत नसेल, तर इतका वेळ थांबायला हरकत नाही. अंग गार लागत असेल तर मिनिटभरही थांबू नका.

"माणसाचा हात लागला की आई पिल्लं टाकते" हे आजीने सांगितलेलं असतं, पण बहुतेक भाट्या तसं करत नाहीत. त्या करतात ते एवढंच, की जागा धोक्याची वाटली की मुक्काम हलवतात. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, ते यातूनच आलं असणार. त्यामुळे शेजारची पोरं रोज डोकावत असतील तर एके सकाळी कॅरेट रिकामं दिसेल, आणि नवी जागा कदाचित एखाद्या गाडीच्या इंजिनजवळ असेल. डोकावणं बंद करणं हीच इथे पहिली मदत.

ताबडतोब उचलायची वेळ कधी? पार्किंगमध्ये पाणी शिरतंय, कुत्री हेरून आहेत, आई गाडीखाली गेल्याचं कळलंय, पिल्लाला जखम आहे किंवा जखमेत अळ्या दिसताहेत. एखादा बाहेरचा बोका सारखा घिरट्या घालत असेल तर तेही कारण पुरेसं आहे, बोके पिल्लं मारतात.

आईसकट आणायची की नुसती पिल्लं

चार आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना आईची सर कशालाच नाही. दूध, ऊब, चाटून शी-शू करवणं, मांजरांमध्ये कसं वागायचं याचं शिक्षण, हे सगळं ती फुकट आणि रात्री न उठवता करते. म्हणून माझा क्रम असा आहे. जागा कोरडी आणि सुरक्षित असेल तर तिथेच आईला खाऊ घाला. जागा धोक्याची असेल तर आई आणि पिल्लं दोघांनाही आणा. आई नसेल तरच पिल्लं एकटी आणा.

आईला आणायची युक्ती साधी आहे. पिल्लं पिंजऱ्याच्या आतल्या टोकाला जाळीआड ठेवायची आणि पुढे उकडलेलं चिकन. रोज खायला घालत असाल तर दोन-तीन दिवसांत ती विश्वासाने जवळ येते. हाताने धरायच्या भानगडीत पडू नका. घाबरलेली भाटी कडकडून चावते. चावलं किंवा ओरखडलं तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सिव्हिलला किंवा तुमच्या डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लशीचं विचारा. "घरातलीच आहे, काही होत नाही" हे रस्त्यावरच्या मांजराच्या बाबतीत म्हणायचं नाही.

आई पक्की रानटी असेल, माणूस दिसला की भिंतीवर उड्या घेत असेल, तर तिला तीन महिने खोलीत कोंडणं हा तिचा छळ आहे. जागा बरी असेल तर पिल्लं पाच आठवड्यांची होईपर्यंत तिच्याकडे राहू द्या आणि मग आणा. फार उशीर मात्र करू नका. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लू जे बघतं, हुंगतं, ज्याच्या मांडीवर झोपतं, ते त्याला आयुष्यभर आपलं वाटतं. तीन महिन्यांचं, माणूस न पाहिलेलं पिल्लू माणसाळवायला फार चिकाटी लागते.

दूध पाजणाऱ्या आईला नेहमीच्या दुप्पट, कधी तिपटीपर्यंत खाणं लागतं. पिल्लांसाठीचं कोरडं खाद्य तिला चालतं, किंबहुना तेच द्यावं, कारण त्यात प्रथिनं आणि स्निग्धांश जास्त असतात. पाणी कायम भरलेलं हवं.

दार बंद असलेली एक खोली

या लेखातला एकच भाग पाळणार असाल तर हा पाळा. नवीन मांजरं, लहान असोत की मोठी, किमान १४ दिवस वेगळ्या खोलीत राहतील. दाराच्या फटीतूनही नाकाला नाक लागता कामा नये. वेगळी खोली नसेल तर जास्तीचं बाथरूम चालेल. जाळी मारलेली बाल्कनी फक्त चांगल्या हवेत. एक-दीड खोलीच्या घरात हे जमणार नसेल तर पिल्लं ज्यांच्या घरी मांजर नाही अशा मैत्रिणीकडे ठेवा आणि खाण्याचा खर्च तुम्ही द्या. मी हे संकोच न करता सांगते, कारण दुसरा पर्याय फार महागात पडतो.

कारण आहे पॅनल्यूकोपेनिया. मांजरांचा हा पार्व्होजातीचा विषाणू. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण आठवडा, कधी दोन आठवडे लागतात, म्हणून तो १४ दिवसांचा हिशेब. लक्षणं म्हणजे ताप, खाणं सोडणं, उलट्या, जुलाब, पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसणं. लस न झालेल्या पिल्लांत मरण्याचं प्रमाण फार मोठं. विषाणू फरशीच्या फटीत, चादरीत, बुटाच्या तळव्याला वर्षभर टिकू शकतो. अल्कोहोलचं सॅनिटायझर त्याला मारत नाही. ब्लीच मारतं: आधी साबणाने घाण पुसून काढायची, मग १ भाग ब्लीच ३२ भाग पाण्यात, म्हणजे लिटरभर पाण्यात साधारण ३० मिलि, फरशीवर दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, नंतर साध्या पाण्याने पुसून पूर्ण वाळवायचं. त्याच वेळी संडास साफ करायचं ॲसिड वापरू नका. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू निघतो.

आपल्याकडे फरशीला फिनेल आणि हाताला डेटॉल हे स्वच्छतेचं दुसरं नाव आहे. मांजरांच्या घरात दोन्ही नकोत. फिनॉल जातीची रसायनं मांजराचं यकृत पचवू शकत नाही, आणि पिल्लू ओल्या फरशीवर चालून मग पंजे चाटतं. कपाटातल्या डांबराच्या गोळ्याही त्या खोलीतून काढा.

कामाचा क्रम ठरवून घ्या. आधी घरातल्या मांजरांचं खाणं-पिणं, त्यांचे शी-शूचे ट्रे, त्यांच्याशी खेळ. मग पिल्लांची खोली. तिथे जुना गाऊन किंवा शर्ट खुंटीवर टांगलेला, चपला वेगळ्या, भांडी वेगळी, खराटी वेगळी. बाहेर पडताना साबणाने हात धुणं. उलट क्रमाने कधीच नाही. पाव्हणे आले आणि "बघू तरी" म्हणाले तर फोनवरचा व्हिडिओ दाखवा.

याच दरम्यान घरातल्या मांजरांची लसीची कार्डं काढा. बूस्टर राहिला असेल तर डॉक्टरांना विचारून लगेच द्या. लशीचं संरक्षण तयार व्हायला दिवस लागतात, पिल्लं खोलीबाहेर यायच्या आत ते व्हायला हवं.

पहिला दिवस: ऊब, वजन, पिसवा

पिल्लू गार असेल तर दूध द्यायचं नाही. गार शरीरात दूध पचत नाही, श्वासनलिकेत जाण्याचीही भीती असते. आधी ऊब. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या जवळची हवा ३० ते ३२ अंश लागते, दुसऱ्यात २७ ते २९, पुढे हळूहळू कमी. डिसेंबर-जानेवारीत नाशकात पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा हे आपोआप होत नाही. गरम पाण्याची रबरी पिशवी पंच्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे गरम झालं तर पिल्लाला सरकायला गार जागा उरते. द्राक्षांच्या हंगामात मिळणारी पुठ्ठ्याची खोकी यासाठी छान, वरून हवेची भोकं तयारच असतात. पावसाळ्यात रात्री वीज गेली की हीटिंग पॅड बिनकामाचं, रबरी पिशवी मात्र चालते. अंथरायला जुनी सुती साडी घ्या. टर्किश टॉवेलच्या धाग्यांत इवली नखं अडकतात.

मग वजन. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि एक पातेलं पुरतं. जन्मतः साधारण १०० ग्रॅम, त्यानंतर रोज १० ते १५ ग्रॅम वाढ, म्हणजे आठवड्याला शंभरेक ग्रॅम. रोज ठरलेल्या वेळी वजन वहीत लिहा. डोळ्यांना पिल्लू ठीक दिसत असतं तेव्हा काटा आधी सांगतो. वजन एक दिवस जागच्या जागी राहिलं तर लक्ष ठेवा, घटलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

वय ओळखायला डोळे आणि दात बघा. नाळ चार-पाच दिवसांत गळते. डोळे सातव्या ते चौदाव्या दिवशी उघडतात. पुढचे बारीक दात तिसऱ्या आठवड्यात फुटू लागतात, चालणं तेव्हाच सुरू होतं, डुलत डुलत. नर-मादी ओळखायची घाई नको, महिनाभर अनुभवी लोकही फसतात. तिरंगी पिल्लू मात्र जवळजवळ नक्की मादी.

पिसवांना हलकं घेऊ नका. शेकडो पिसवा दोनशे ग्रॅमच्या पिल्लाचं इतकं रक्त पितात की हिरड्या पांढऱ्या पडतात आणि पिल्लू मरतं. बारीक दातांची फणी घ्या, शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी ठेवा, विंचरून पिसवा त्यात बुडवा. फारच असतील तर कोमट पाण्यात भांडी घासायच्या सौम्य लिक्विडचे थेंब टाकून मानेपासून खाली धुवा आणि लगेच कोरडं करून उबेत ठेवा. कुत्र्यांचं पिसवांचं औषध कदापि नाही. त्यातलं परमेथ्रिन मांजरांना जीवघेणं आहे. कडुलिंबाचं तेल, कापूर, टी-ट्री तेल हेही नको. "नैसर्गिक आहे" हा इथे युक्तिवाद नाही. औषध वय आणि वजन बघून डॉक्टरच देतील.

तोच डॉक्टरांचा फेरा डोळ्यांसाठीही लागतो. चिकटलेले डोळे कोमट पाण्याच्या बोळ्याने नाकाकडून बाहेर पुसा, पण पू असेल तर मलम लागेल. कानात चहाच्या चोथ्यासारखी काळी घाण दिसली तर कानातले किडे आहेत, आणि ते घरातल्या मांजरांना सहज लागतात.

आई नसेल तर बाटली

गाईचं दूध नको. त्यातली साखर पचत नाही, जुलाब होतात, आणि प्रथिनं-स्निग्धांश मांजरीच्या दुधापेक्षा फार कमी. बाळांची दूध पावडरही पुरेशी नाही. मांजरांच्या पिल्लांसाठीची दूध पावडर पशुवैद्यकीय औषधांच्या दुकानात किंवा पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळते. घरात नेहमी मांजरं असतील तर हंगामाच्या आधी एक डबा आणून ठेवा. रविवारी रात्री अकराला पिल्लं सापडली आणि दुकानं बंद असली तर एका रात्रीपुरतं शेळीचं दूध चालवून घेता येतं. त्यापुढे नाही.

पाजताना पिल्लू पालथं, पोटावर, मान किंचित वर, जसं ते आईला पितं तसं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं. दूध मनगटावर कोमट लागेल इतकं. इंजेक्शनच्या सिरिंजने पाजत असाल तर थेंब थेंब, दाबून नाही. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा. प्रमाणाचा ठोकताळा: एका वेळी १०० ग्रॅम वजनाला सुमारे ४ मिलि. पहिल्या आठवड्यात दर दोन तासांनी, दुसऱ्यात दोन-तीन, तिसऱ्यात तीन-चार, चौथ्यात चार-पाच तासांनी. रात्रीसुद्धा. दोघा-तिघांत पाळ्या लावल्या नाहीत तर आठवड्यात तुम्हीच आजारी पडाल.

प्रत्येक वेळी ओल्या कापसाने पोटाखाली हलकं चोळून शी-शू करवायची. तीन आठवड्यांपर्यंत ते स्वतःहून करत नाहीत. शू गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय. पिल्लू एकदम ढिलं पडलं, तोंड उघडून श्वास घेऊ लागलं, तर आधी ऊब, मग हिरड्यांवर साखरेच्या पाण्याचं बोट, आणि वाटेतच डॉक्टरांना फोन. काही पिल्लं सगळं नीट करूनही दगावतात, विशेषतः पहिल्या दोन आठवड्यांत.

खाणं, ट्रे आणि कांदा

चौथ्या आठवड्यापासून दुधात कालवलेलं पिल्लांचं ओलं खाद्य पसरट ताटलीत द्या. पहिले दोन दिवस ते त्यात चालतात, बसतात, शिंकतात. पुसून काढा, कोरडं करा. सहा ते आठ आठवड्यांत पूर्ण खाण्यावर येतात. घरचं देणार असाल तर उकडलेलं चिकन, हाडाशिवाय, मीठ-हळद काहीही न घालता. पण नुसत्या चिकनवरही वाढ नीट होत नाही, कॅल्शियम कमी पडतं. म्हणून निदान अर्धं खाणं पाकिटातलं असावं. दूध-पोळीवर वाढवलेली पिल्लं हा आपल्याकडचा जुना प्रकार. मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे, मांसातलं टॉरिन हे पोषक द्रव्य मिळालं नाही तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. घरात मांसाहार चालत नसेल तर पाकीट हा सोयीचा तोडगा, स्वयंपाकघर बाटत नाही.

उरलेला रस्सा मात्र कधीच नाही. कांदा-लसूण मांजरांच्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवलेला असो की कच्चा. लासलगावच्या जिल्ह्यात कांद्याशिवायचा रस्सा कुठून आणणार? द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांना घातक ठरले आहेत. मांजरांनाही देऊ नयेत, आणि हंगामात टोपलीभर द्राक्षं खाली ठेवायची सवय सोडावी. ताप आला म्हणून पॅरासिटामॉलची चिमूट हा तर सरळ मृत्यू आहे.

ट्रे चौथ्या आठवड्यात. कडा दोन-तीन इंचांचीच, प्लास्टिकचं झाकणही चालतं. गोळा होणारी बेंटोनाइटची वाळू या वयात वापरू नका, पिल्लं ती चाखतात आणि ती पोटात फुगते. लाकडाच्या गोळ्या किंवा कागदाचे तुकडे बरे. खाल्ल्यावर आणि झोपून उठल्यावर ट्रेमध्ये ठेवलं की दोन दिवसांत कळतं. घरात कुणी गरोदर असेल तर ट्रेचं काम दुसऱ्याने करावं आणि रोज करावं. टोक्सोप्लाझ्मा या गर्भाला घातक ठरू शकणाऱ्या परजीवीची अंडी विष्ठेत पडल्यावर लागण करण्याजोगी व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून रोजची सफाई हाच बचाव.

जंत, लसी, तपासण्या

पोट नगाऱ्यासारखं आणि पाठीचा कणा हाताला लागतोय, हे जंताचं चित्र. गोल जंत आईच्या दुधातूनच येतात, त्यामुळे दुसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी, आठ आठवड्यांपर्यंत औषध देतात. मात्रा वजनावर, म्हणून ती वही दवाखान्यात घेऊन जा. आईलाही त्याच वेळी द्या.

तीन आजारांची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी, १६ आठवड्यांचं होईपर्यंत. एकाच इंजेक्शनवर थांबू नका. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लस बोथट करते आणि ती नेमकी कधी ओसरेल हे सांगता येत नाही. रेबीजची लस १२ आठवड्यांना.

ल्युकेमिया आणि एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती खच्ची करणारा) या दोन विषाणूंची रक्ततपासणी आईची करून घ्या. पिल्लांत एफआयव्ही पॉझिटिव्ह आलं तर हातपाय गाळू नका. आईची प्रतिपिंडं सहा महिन्यांपर्यंत दिसू शकतात, नंतर पुन्हा तपासायचं असतं. ल्युकेमियाचं तसं नाही, तो मिळून-मिसळून राहणाऱ्या, एकमेकांना चाटणाऱ्या मांजरांत पसरतो. ती तपासणी झाल्याशिवाय दार उघडू नये असं मी म्हणेन.

गजकर्णाकडे नीट बघा. कानाच्या कडेला, नाकावर, पंजावर केस गेलेले गोल डाग. हे घरातल्या मांजरांना, मुलांना आणि तुमच्या हातावरही उठतं, आणि गादी-पडद्यांतून काढायला महिने जातात. शंका आली की १४ दिवसांची मुदत डॉक्टर सांगतील तोवर लांबवायची.

दार उघडायचं कसं

एकदम नाही. मांजरांच्या जगात आधी वास येतो, मग आवाज, मग दर्शन, आणि सगळ्यात शेवटी स्पर्श. आपण बहुतेक वेळा उलटं करतो, पिल्लू उचलून थेट बोक्याच्या तोंडापुढे नेतो आणि तो फिस्कारला की त्यालाच रागावतो.

खोलीतला विलगीकरणाचा काळ निरोगी पार पडल्यावर पिल्लांनी अंग घासलेलं फडकं बाहेर ठेवा, बाहेरच्यांचं आत. घरातली मांजरं हुंगून निघून गेली तर उत्तम. फिस्कारली तर फडकं खाण्याच्या वाटीपासून लांब ठेवा आणि रोज थोडं जवळ आणा. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी जेवण. मग खोल्यांची अदलाबदल: पिल्लं तासभर हॉलमध्ये, मोठी मांजरं पिल्लांच्या खोलीत.

दर्शनासाठी आपल्या फ्लॅटमधलं जाळीचं सेफ्टी दार फार उपयोगी. ते नसेल तर खोलीच्या दारात दोन कॅरेटं आडवी रचून वर जाळी बांधा. दोन्हीकडे आवडीचं खाणं, पाच मिनिटं, मग पडदा. मान ताठ, शेपूट फुगलेली, टक लावून बघणं चालू असेल तर अंतर वाढवा. फिस्कारणं आणि एखादी नखं न काढता मारलेली चापट हे बोलणं आहे, भांडण नव्हे. पिल्लाला तेवढं शिकावंच लागतं. पाठलाग करून कोपऱ्यात गाठणं, किंचाळणं, केस उडणं हे मात्र भांडण, आणि तिथे एक पायरी मागे यायचं. मध्ये हात घालायचा नाही. उशी किंवा पुठ्ठा सरकवायचा.

प्रत्यक्ष भेटी पिल्लं दोन महिन्यांच्या पुढे असताना, तुमच्यासमोर, खेळून दमल्यावर. खस्सी न केलेला बोका घरात असेल तर त्याच्या समोर लहान पिल्लं सोडायची नाहीत, आणि त्याचं ऑपरेशन आधी. आई सोबत असेल तर ती बाहेरच्या मांजरांवर तुटून पडेल. तिला आणि घरातल्यांना एकत्र आणायचा हट्ट सोडा. पिल्लं दूध तोडेपर्यंत दार बंदच.

जागा वाढवा. जमिनीवर नाही, उंचीवर. कपाटावरचा एक कोपरा, खिडकीतली फळी, जिथे पिल्लं चढू शकत नाहीत आणि वयस्क मांजराला सुखाने बसता येतं. ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, आणि एका रांगेत न मांडता वेगवेगळ्या ठिकाणी. पाणी-खाण्याच्या वाट्याही तशाच. मांजरं भांडतात ती बरेचदा वाटेवरून. एकाने पॅसेज अडवला की दुसरं ट्रेपर्यंत जातच नाही.

घरातल्यांकडे बघत राहा

पिल्लांच्या गडबडीत हे सुटतं. एखादं मांजर पलंगाखालून निघेना, एखादं सारखं पोट चाटू लागलं, एखाद्याने गादीवर शू केली, हा खोडसाळपणा नसून ताणाची खूण आहे. दोन गोष्टींना थांबायचं नाही. एक, बोका ट्रेमध्ये वारंवार बसतोय, कण्हतोय आणि शू येत नाही: मूत्रमार्ग बंद झाला असेल, ही काही तासांची गोष्ट आहे, सकाळपर्यंत वाट पाहू नका. दोन, मोठं मांजर, विशेषतः लठ्ठ, दोन दिवस जेवलेलं नाही: यकृतात चरबी साठू लागते आणि ते उलटवणं कठीण जातं.

त्यांचं वेळापत्रक हलवू नका. सकाळच्या चहाच्या वेळी जी मांडीवर बसते तिची मांडी तिचीच राहू द्या. महिन्या-दीड महिन्यानंतरही एखाद्या मांजराचं खाणं-वजन उतरत असेल तर पिल्लांसाठी दुसरं घर शोधायचं. त्यात कमीपणा कसला?

घरं शोधणं आणि आईचं ऑपरेशन

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत देऊ नका. निदान पहिल्या दोन लसींनंतर, बारा आठवड्यांना दिलेलं चांगलं. जोडी मागणाऱ्याला आधी द्या. एकटं पिल्लू नव्या घरात माणसाच्या पायांना चावून खेळतं. घर बघायला स्वतः जा. बाल्कनीला जाळी आहे का, ग्रिलच्या गजांतून पिल्लू निसटेल का, घरच्या सगळ्यांची तयारी आहे का. "गोदामात उंदरांसाठी हवंय" म्हणणाऱ्याला मी नाही म्हणते, कारण तिथे उंदरांसाठी विषही ठेवलेलं असतं. खस्सी करण्याचं वचन नुसतं तोंडी घेऊ नका. चार-पाच महिन्यांचं झालं की आठवणीचा फोन करा, कारण मादी त्या वयात माजावर येऊ शकते.

आणि सोसायटीतून "तपोवनाकडे नेऊन सोडा" असा सल्ला आला तर सांगा की खाण्यापिण्यावाचून हाल होतील अशा ठिकाणी प्राणी सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. शिवाय रिकाम्या झालेल्या जागेत दुसरी, ऑपरेशन न झालेली मांजर येते. तक्रारीचं मूळ तसंच राहतं.

आईचं ऑपरेशन झालं नाही तर ही सगळी मेहनत वर्षातून दोन-तीनदा करावी लागेल. मांजरीचा गर्भकाळ ६३ ते ६५ दिवसांचा, आणि ती पिल्लांना पाजत असतानाच पुन्हा माजावर येऊ शकते. म्हणून ती खोलीत असेल तेव्हाच डॉक्टरांची तारीख ठरवून ठेवा. पिल्लांचं दूध तुटलं, ओटी सुकली, साधारण दोन आठवडे गेले की ऑपरेशन. तोवर तिला बाहेर सोडलीत तर ती पुन्हा पिंजऱ्यात येणार नाही, ती तुमच्यापेक्षा हुशार असते. भूल असताना कानाच्या टोकाला खूण करून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी कुणी तिला उगाच पकडणार नाही. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीचं उपाशी ठेवणं डॉक्टर सांगतील तसं. पिल्लांचं ऑपरेशन असेल तर तास फार कमी असतात, मोठ्यांचा नियम त्यांना लावू नका.

टाके भरायला दहा-चौदा दिवस. रानटी भाटी असेल तर विरघळणारे टाके आधीच मागून घ्या, काढायला ती हाती लागणार नाही. जखम कोरडी दिसली की जिथून आणली त्याच जिन्याजवळ, दिवसाउजेडी, पोटभर खाऊ घालून सोडायचं. तिची वाटी रोज ठरलेल्या वेळी खाली ठेवायची, अर्ध्या तासाने उचलायची, म्हणजे मुंग्या आणि सोसायटीचे सेक्रेटरी दोघंही शांत राहतात. ती वाटी घरातल्यांच्या वाट्यांत मिसळायची नाही, धुवायचीही बाहेरच्या नळावर.